एकोणचाळीस घरांचं मत

९ जून, सोमवार. सकाळी ११.१०
मोनिकचं पत्र आलं.

पत्र म्हणजे माझंच पाकीट, अठरा मेला मी धाडलेलं. न उघडता परत. पण त्यावर आडवं, तिच्या स्वतःच्या हातानं, निळ्या शाईत लिहिलंय: ‘पाठवणाऱ्याकडे परत.’ पहिल्या अक्षराची शेपटी अजून तशीच वर वळते, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शिकवली होती तशी.

युनिस म्हणते, अगं जर्मेन, याला पत्र नाही म्हणत, याला नकार म्हणतात. युनिस माझी शेजारीण. चाळीस वर्षांची मैत्री आहे म्हणून ऐकून घेते. मी तिला म्हटलं, नकारच द्यायचा असता तर पाकीट केराच्या टोपलीत टाकलं असतं. ही पोरगी पेन शोधते, टोपण काढते, बसून लिहिते, मग पाकीट टाकायला कोपऱ्यापर्यंत चालत जाते. व्हँकूवरच्या पावसात! दर आठवड्याला! दर आठवड्याला आईला पत्र पाठवणारी मुलगी या गावात दुसऱ्या कुणाची आहे का? युनिसनं आपला फोन उलटा ठेवला. तिचा मुलगा तिला फक्त अंगठ्याची चित्रं पाठवतो, फोनवर.

मोनिकचं आणि माझं भांडण वगैरे नाही. सहा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांच्या, माझ्या एमिलच्या, अंत्यविधीला चर्चमध्ये बसण्याच्या जागेवरून जरासा गैरसमज झाला, तेवढंच. तिनं फोनचा नंबर बदलला. पत्ता बदलला नाही. यातच काय ते समजावं.

पाकीट बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. हा तिसरा डबा.

संकल्प: उद्यापासून अकरा वाजायच्या आधी खिडकीशी उभं राहायचं नाही. शोभत नाही.

१० जून, मंगळवार
१०.४० ला खिडकीशी होते, पण पडदे झटकायला.

२४ जून, मंगळवार
लॉर्ननं वाईट बातमी आणली. लॉर्न आमचा टपालवाला, एकतीस वर्षं याच रस्त्यावर. तरुणपणी एमिलच्या बोटीवर खेकडे धरायला असायचा, म्हणून मला वहिनी म्हणतो. रस्त्याकडेच्या आमच्या पेटीला लाल निशाण आहे. आत पाठवायचं पत्र असलं की ते उभं करायचं, म्हणजे तो थांबतो. मी रोज उभं करते. पत्र नसलं तरी करते. त्यानं कधी विचारलं नाही.

तर म्हणाला, वहिनी, वरून कागद आलाय. आठवड्यातून पाच दिवसांऐवजी दोनच दिवस, मंगळवार-शुक्रवार, टपाल वाटायचं म्हणतायत. लोकांचं मत मागवलंय. घरटी एक फॉर्म येईल, तिकीट लावायची गरज नाही असं पाकीटही सोबत.

मी म्हटलं, मग चिंताच मिटली. लोकांना विचारलं तर लोक काय ‘नको टपाल’ म्हणणार आहेत?

तो म्हणाला, बघू या.

मी म्हटलं, तुझं मत काय?

तर उजवा खांदा चोळत म्हणाला, मला विचारू नका वहिनी, मी नोकर माणूस. गाडीच्या खिडकीतून एकतीस वर्षं पेट्यांपर्यंत हात लांब करून त्याचा खांदा गेलाय. पण मन गाडीतच आहे त्याचं, मला दिसतं.

६ जुलै, रविवार
आज लक्षात आलं ते लिहून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको की मला आधी कळलं नव्हतं.

माझं पत्र रविवारी लिहून सोमवारी जातं आणि तीन आठवड्यांनी परत येतं. सहा वर्षांत नाताळ सोडला तर हे चुकलेलं नाही. पण पंचवीस मेचं आलं नाही. एक जूनचं नाही. आठ जूनचंही नाही.

याचा अर्थ एकच. तिनं ती ठेवून घेतली. वाचली.

युनिसला कुंपणावरून सांगितलं. ती बराच वेळ वाटाण्याच्या शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, देव करो नि तसंच असो, जर्मेन.

हे तिचं नेहमीचं. आनंदाच्या बातमीलाही मीठ कमी.

१५ जुलै, मंगळवार
आज काही नाही. म्हणजे पंधरा आणि बावीस जूनचंही तिनं ठेवलं.

उत्तर मोठं असणार. सहा वर्षांचं लिहायचं म्हणजे वेळ लागणारच. आता मुद्दा असा की उत्तर बुधवारी शहरातल्या कचेरीत पोचलं आणि टपाल मंगळवार-शुक्रवारच असलं, तर माझ्या मुलीचं पत्र दोन दिवस पोत्यात पडून राहणार. हे होऊ द्यायचं नाही.

ठरलं. मी स्वतः घरोघर जाऊन लोकमत तयार करणार. आमच्या रस्त्यावर एकोणचाळीस घरं. दिवसाला चार म्हटली तरी दहा दिवसांत संपतील.

१ ऑगस्ट, शुक्रवार
अजून सुरुवात नाही. सोळा तारखेपासून गुडघा. शिवाय ऊन.

५ ऑगस्ट, मंगळवार. सायंकाळी ५
सुरुवात केली. दोन घरं झाली. दोन्ही आपली!

पहिलं घर थिबोंचं. दार उघडताच मी मुद्द्यावर आले. पाच दिवस टपाल हा आपला हक्क, वगैरे. मिसेस थिबो म्हणाली, बाई गं, काळ कसा बदलला नाही? आत ये, चहा घे. निघताना हिरव्या टोमॅटोच्या लोणच्याची बरणी हातात दिली. अजून कोमट होती. डोळे भरून आले माझे. वहीत तिच्या नावापुढे खूण केली.

दुसरं घर म्हाताऱ्या अँगसचं. तो म्हणाला, जर्मेन, तू बोलतेस ते ऐकायला फार बरं वाटतं. त्यानं बीटची बरणी दिली. खूण.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
एकोणीस घरं. सोळा बरण्या. तळघरात फळी पुरेना. ज्या तिघांनी बरणी दिली नाही त्यांतल्या एकीनं अर्धा ॲपल पाय दिला आणि दोघं घरी नव्हते. त्यांनाही आपल्यातच धरलंय, कारण घरी असते तर दिलीच असती.

युनिसला वही दाखवली. ती म्हणाली, यांच्यातलं नक्की ‘हो’ कोण म्हणालं गं?

मी म्हटलं, शब्दशः कुणी नाही, पण ‘नाही’ तरी कोण म्हणालं?

ती म्हणाली, या गावात दारात आलेल्या बाईला तोंडावर ‘नाही’ कोण म्हणतं? मागच्या निवडणुकीला ते तिन्ही उमेदवार तुझ्या दारात आले तेव्हा तू काय केलंस?

मी म्हटलं, रूबार्बचा जॅम दिला. तिघांनाही. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

आणि मत?

मत पप्पा ज्यांना द्यायचे त्यांनाच. पण त्याचा इथे काय संबंध?

ती म्हणाली, काही नाही. गेली.

उरलेली घरं करत नाही. कल स्पष्ट आहे.

८ सप्टेंबर, सोमवार
फॉर्म आला. निम्मं पान, पाच प्रश्न, चौकटीत खूण करायची. चौथा प्रश्न: गेल्या महिन्यात तुम्हांला किती खाजगी पत्रं आली? शून्य, एक ते तीन, तीनपेक्षा जास्त.

हा प्रश्न बाळबोध आहे. आलेली पत्रं मोजायची की येऊ घातलेली? चौकट रिकामी ठेवून बाजूला बाण काढला आणि लिहिलं, ‘सोबतचे निवेदन पाहावे.’

निवेदन उद्या लिहीन.

२१ सप्टेंबर, रविवार
निवेदन पूर्ण. अकरा पानं, दोन्ही बाजूंनी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर जर्वेज शनिवारी आमची पत्रं तपासायच्या. समास, तारीख, विनम्र शेवट. त्या असत्या तर आज त्यांनी या पानांना हात लावला नसता, नुसती मान हलवली असती. थंडीतल्या वाटा, एकट्या राहणाऱ्या बायका, टपालवाल्याला पाहून अंगात येणारा जीव, सगळं घातलं. मोनिकबद्दल दीड पान.

टपाल खात्यानं दिलेल्या पाकिटात बसेना. घडी बदलून, कडा दाबून, चिकटपट्टी लावून बसवलं. निशाण उभं केलं. या वेळी खरंच पत्र होतं.

आज मोनिकलाही लिहिलं. हवा, बाग, मिसेस थिबोची नवीन कवळी, टपालाचा लढा.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४
विजय!

दोन वाजता चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. खात्याकडून एक तरुण बाई आली होती. गावातले तीसेक जण. बाईनं पडद्यावर चित्रं दाखवली: पत्रं कमी होत जाणारी रेघ, पेट्रोलची वर जाणारी रेघ. मग विचारलं, कुणाला बोलायचंय?

मी उठले. कागद घरी राहिला होता. तशीच बोलले. म्हटलं, माझी मुलगी व्हँकूवरला असते. ती मला दर आठवड्याला पत्र पाठवते. तिची वाट बघायचे माझे पाच दिवस आहेत, ते दोन करू नका.

  लॉर्न मागच्या भिंतीशी उभा राहून टोपी हातात फिरवत होता. मिसेस थिबोनं रुमाल काढला.

खात्याची बाई म्हणाली, टपाल पाच दिवस असावं असं किती जणांना वाटतं? हात वर करा.

अँगसनं आधी केला. मग थिबो नवरा-बायको. मग सगळ्यांनी. सगळ्यांनी! एकही हात खाली नव्हता. खाली बघत होते काही जण, पण हात वर होते.

बाईनं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, अर्थात अंतिम मत फॉर्मवरूनच धरलं जाईल. ते ठीकच आहे. फॉर्म भरणारे हेच तर लोक.

घरी येताना युनिस माझा हात धरून चालली. दारापर्यंत सोडला नाही. आनंद झाला असेल.

१३ ऑक्टोबर, सोमवार. थँक्सगिव्हिंग
टपाल नाही, सुट्टी. जेवायला युनिसकडे. तिची टर्की यंदाही कोरडी, सांगितलं नाही.

पंपकिन पाय खाताना म्हणाली, जर्मेन, तू त्या पत्रांत लिहितेस तरी काय?

हवा, बाग, कोण वारलं, कोण आजारी.

आणि व्हॅलरी?

व्हॅलरीचं काय?

तिचं नाव लिहिलंस कधी? एकदा तरी? पाकिटावर?

मी म्हटलं, पत्र माझ्या मुलीला असतं.

युनिसनं काटा खाली ठेवला. म्हणाली, त्या घरात दोघींचा संसार आहे, बारा वर्षं. त्या बिचारीला एमिलच्या अंत्यविधीला तू शेवटच्या बाकावर बसवलंस. कोटांच्या खुंट्यांजवळ. अख्ख्या गावानं बघितलं. मोनिक पहिल्या बाकावरून मागे वळून वळून बघत होती.

मी म्हटलं, पहिल्या बाकावर सहाच जण मावतात.

युनिस म्हणाली, तुम्ही चौघं होता.

कॉफी न घेताच घरी आले. बाक मोजायला जायची गरज नाही. लग्न, मोनिकचा बाप्तिस्मा, एमिल, सगळं त्याच बाकावर झालं. मला माहीत आहे किती मावतात.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
लॉर्ननं हॉर्न वाजवला. धावत गेले. स्वयंपाकघरातल्या चपलांवरच.

माझंच पाकीट. खात्याला पाठवलेलं. ठरलेल्या जाडीपेक्षा जाड, म्हणून परत. फॉर्म नुसता पाठवा, सोबत काही जोडू नका, असं छापील पट्टीवर. फॉर्मची शेवटची तारीख पंधरा ऑक्टोबर होती.

लॉर्न म्हणाला, वहिनी, मी ते उचललं तेव्हाच मला वाटलं होतं जाड आहे. पण तुम्ही निशाण उभं करून पेटीशी उभ्या होतात हो, गाडी येताना बघत. मला सांगवलं नाही.

हरकत नाही. एका मतानं काय होतं? बाकी अडतीस आहेत.

१९ ऑक्टोबर, रविवार
आज मोनिकला लिहिलं. पाच ओळी. लिहायला सकाळपासून दुपारचे तीन वाजले. चर्चमध्ये मिस्सेला गेले नाही.

‘प्रिय मोनिक आणि प्रिय व्हॅलरी, बाकावर जागा होती. मी चुकले. एमिलनं व्हॅलरीला आपल्या शेजारी बसवलं असतं, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. नाताळला याल का? वरच्या खोलीत दोघींचा बिछाना घालते.’

पाकिटावर दोन्ही नावं. अक्षर वाईट आलं.

उन्हाळाभर माझी पत्रं वाचतेच आहे ती. मन मऊ झालेलं असणार. त्यावर हे पत्र. आता उशीर लागायचा नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार
लॉर्ननं पाकीट घेतलं. दोन नावं वाचली. माझ्याकडे बघितलं आणि नेहमीसारखं गठ्ठ्यात न खोचता गाडीत पुढे, आपल्या टोपीत ठेवलं.

वरची खोली उघडली. गादीला ऊन दिलं. थोडंच मिळालं.

३० ऑक्टोबर, गुरुवार
काही नाही. अजून लवकर आहे.

वरच्या खोलीला पडदे शिवायला घेतले. व्हॅलरीला कोणता रंग आवडतो ते माहीत नाही. पिवळा घेतला. पिवळा कुणालाही चालतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
हॉलच्या फळ्यावर निकाल लागला. आमच्या रस्त्यावरची एकोणचाळीस घरं, आलेले फॉर्म एकतीस. आठवड्यातून दोन दिवस पुरे: एकतीस. पाच दिवस हवेत: शून्य.

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

युनिस मागे येऊन उभी राहिली. मी विचारलं, तूसुद्धा? ती म्हणाली, अगं, मला येतं काय टपालानं? जाहिराती. त्या मी चुलीत घालते. लॉर्नचा खांदा बघवत नाही मला. खोटं कसं लिहू?

मग हॉलमध्ये हात का वर केलास?

तिनं माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. ती म्हणाली, तू उभी होतीस ना समोर.

तळघरात जाऊन आले. सोळा बरण्या. दार लावून घेतलं.

हरकत नाही. बदल जानेवारीपासून आहे. उत्तर त्याच्या आतच येणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. ११.३०
लॉर्ननं हॉर्न वाजवला नाही. गाडी बंद करून पायऱ्या चढून दारापर्यंत आला. एकतीस वर्षांत फक्त एमिलच्या वेळी आला होता.

व्हँकूवरचं टपाल होतं. जाड, तपकिरी, खूप तिकिटं लावलेलं. मी म्हटलं, सांगितलं नव्हतं, मोठं असणार? त्यानं टोपी काढली. मी उघडेपर्यंत तो थांबला.

आत माझी तेवीस पत्रं. पंचवीस मेपासूनची सगळी, रबरबँड लावलेली. एकही उघडलेलं नाही. एकोणीस ऑक्टोबरचं वरून दुसरं, दोन नावांचं. तेही नाही.

सोबत चिठ्ठी, अनोळखी अक्षरात: ‘बाई, तुमची पत्रं येत राहिली. आम्ही ती उघडली नाहीत. आमच्या आधी इथे राहणाऱ्या दोघी मेअखेरीस घर सोडून गेल्या. कुठे ते घरमालकालाही माहीत नाही. कुणीतरी न्यायला येईल असं वाटून ठेवली होती. आधीच पाठवायला हवी होती, माफ करा. हरलीन सिधू.’

लॉर्न म्हणाला, बसा वहिनी. मी बसले. त्यानंच चहा टाकला. साखर जास्त घातली.

मग म्हणाला, गावातल्या कुणाचा तरी नातेवाईक असेलच तिकडे. विचारतो मी. मी मान हलवली. त्याची बाकीची अख्खी फेरी राहिली होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पडद्यांची शिलाई आज राहिली.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुपारी पत्र लिहिलं. हरलीनला. पाकिटावर तिच्या घरातल्या सगळ्यांसाठी काय लिहायचं ते कळेना, म्हणून ‘हरलीन सिधू आणि कुटुंबीय’ असं घातलं.

आभार मानले. पत्रं न उघडल्याबद्दल, आणि ठेवल्याबद्दलही. अक्षराचं कौतुक केलं. छान आहे तिचं अक्षर. मग विचारलं की त्यांच्या पुढच्या खिडकीतून काय दिसतं. रस्ता दिसतो, की झाड आहे? पाण्याचा तुकडा दिसतो का? संध्याकाळी ऊन कुठल्या बाजूनं येतं? माझी मुलगी तिथे राहायची, मी ते घर कधी पाहिलं नाही, असं लिहिलं. वेळ मिळेल तेव्हा कळवा, सवडीनं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
लॉर्ननं पत्र घेतलं. म्हणाला, मोनिकचा पत्ता अजून लागला नाही, विचारणं चालू आहे. मग जरा घुटमळून म्हणाला, वहिनी, जानेवारीपासून मंगळवार आणि शुक्रवार. पण तुमच्याकडे मी असाही येत जाईन, गाडी घेऊन. रोज.

मी म्हटलं, नको रे. खांदा सांभाळ. दोन दिवस पुष्कळ झाले.